कॅम्परमध्ये इन्व्हर्टर बसवताय? वॅटच्या आधी अँपिअर बघा

‘गाडीत इन्व्हर्टर लावायचाय, किती वॅटचा घेऊ?’ ओळखीत कुणी ईको किंवा टेम्पो ट्रॅव्हलरचं कॅम्पर करायला घेतलं की पहिला प्रश्न हाच येतो. प्रश्न बरोबर आहे, पण अर्धाच. इन्व्हर्टर वीज तयार करत नाही. बॅटरीतली १२ व्होल्टची डीसी वीज तो घरातल्यासारख्या २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या एसीमध्ये बदलून देतो, एवढंच त्याचं काम. डब्यावर २००० वॅट छापलंय म्हणून २००० वॅट मिळतीलच असं नाही. ते बॅटरीला झेपायला हवं, मधल्या वायरला झेपायला हवं. आणि त्याच गाडीत, त्या वायरपासून हातभर अंतरावर, तुम्ही रात्री दार लावून झोपणार आहात. म्हणून हा विषय फोनच्या चार्जरइतका हलक्यात घेऊ नका.

आधी एक शंका काढून टाकू. घरी लाइट गेल्यावर चालणारा इन्व्हर्टर आणि त्याची ट्युब्युलर बॅटरी उचलून गाडीत ठेवली तर? नको. त्या बॅटरीत पातळ ॲसिड असतं, घाटातल्या वळणांवर ते हिंदकळतं आणि चार्जिंगच्या वेळी त्यातून हायड्रोजन वायू बाहेर पडतो. घरात ती गॅलरीत किंवा पॅसेजमध्ये असते, गाडीत ती तुमच्या उशाखाली येणार. शिवाय घरच्या इन्व्हर्टरवर व्हीए लिहिलेलं असतं, वॅट नाही. ९०० व्हीए आणि पॉवर फॅक्टर ०.८ म्हणजे प्रत्यक्षात ७२० वॅटच.

किती लागतं, ते वॅट-अवरमध्ये मोजा

वॅट म्हणजे या क्षणाला किती ओढतंय. वॅट-अवर म्हणजे एकूण किती खाल्लं. या दोघांची गल्लत झाली की सगळी खरेदी चुकते. मिक्सर ५०० वॅटचा, पण चटणीला तीन मिनिटं चालतो, म्हणजे फक्त २५ वॅट-अवर. उलट १२ व्होल्टवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर फ्रिज ४५-५० वॅटच घेतो, पण दिवसरात्र चालू-बंद होत राहतो आणि दिवसाला ४०० च्या वर सहज जातो. मिक्सरमुळे इन्व्हर्टर मोठा घ्यावा लागतो, फ्रिजमुळे बॅटरी मोठी घ्यावी लागते. मिक्सरसारखी मोटर सुरू होताना क्षणभर दुप्पट-तिप्पट करंट मागते, म्हणून इन्व्हर्टरचा सर्ज आकडाही बघा.

आता फोनच्या भाषेत सांगतो. तुमच्या फोनची ५००० एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण १९ वॅट-अवर. चार्जिंगमधला तोटा धरून २५ म्हणू. १२.८ व्होल्ट, १०० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी म्हणजे १२८० वॅट-अवर. तिच्यातून सावकाश चाळीसेक फोन चार्ज होतील. पण एक लिटर पाणी चहासाठी केटलमध्ये उकळलं की १०० वॅट-अवर गेले, म्हणजे चार फोन. गाडीत एसी लावायची स्वप्नं बघणाऱ्यांना एवढंच सांगतो, की घरातला एक टनाचा एसी ही बॅटरी तासाभरात पिऊन टाकेल. स्वयंपाकाला गॅसच ठेवा, खिडकी उघडी ठेवून.

दोन जणांचा लॅपटॉप-फोन-पंखा-दिवे-फ्रिज असा संसार धरला तर दिवसाला १००० वॅट-अवरच्या आसपास लागतात. त्यासाठी १०० एएचची एक लिथियम बॅटरी आणि १००० वॅटचा प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर पुरतो. स्वस्तातले मॉडिफाइड साइनवाले मिळतात. त्यांच्यावर लॅपटॉपचा चार्जर बहुतेक वेळा चालतो, पण पंखा गुणगुणतो, मोटर जास्त तापते आणि काही उपकरणं चालतच नाहीत. वाचलेले पैसे एखादं उपकरण बिघडलं की वसूल होतात, उलट्या दिशेने.

खरी गोष्ट वायरीत आहे

घरात १००० वॅटची इस्त्री लावली तर वायरीतून ४.३ अँपिअर जातात. तेवढेच १००० वॅट १२ व्होल्टवर घ्यायचे तर ८३ अँपिअर, आणि इन्व्हर्टरमधला तोटा धरला तर ९५. व्होल्टेज विसावा भाग झालं की करंट वीसपट होतो, आणि वायर तापणं करंटच्या वर्गावर अवलंबून असतं. हे ज्याच्या डोक्यात बसलं त्याने अर्धी लढाई जिंकली.

एका मित्राने तयार कॅम्पर घेतलं होतं. तक्रार अशी, की बॅटरी फुल्ल दाखवते, तरी केटल लावली की मिनिटाभरात इन्व्हर्टर ‘लो व्होल्टेज’चा बीप देऊन बंद. वर्कशॉपवाला म्हणाला, बॅटरी खराब, नवीन घ्या. आम्ही मल्टिमीटर घेऊन बसलो. केटल चालू असताना बॅटरीच्या टर्मिनलवर १२.९ व्होल्ट आणि इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर १०.६! मधले सव्वादोन व्होल्ट गेले कुठे? बॅटरी मागच्या दाराशी, इन्व्हर्टर ड्रायव्हरच्या सीटमागे, आणि मध्ये ६ स्क्वेअर एमएमची वायर. चार मीटर जायला, चार मीटर यायला. तांब्याच्या अशा आठ मीटरचा रेझिस्टन्स ०.०२३ ओहम. ९५ ने गुणा, उत्तर सव्वादोन व्होल्ट. वायर तापली की तिचा रेझिस्टन्स आणखी वाढतो, म्हणून केटल मिनिटभर चालायची आणि मग बंद पडायची. त्या वायरीत २०० वॅटच्या वर नुसती उष्णता होत होती. प्लायवूडच्या मागे, गादीच्या कडेने. वायरचं इन्सुलेशन हाताला मऊ लागत होतं. बॅटरीत काहीही दोष नव्हता. आणि वाटेत फ्यूज? नव्हताच.

उपाय सोपा होता. इन्व्हर्टर उचलून बॅटरीपासून अर्ध्या मीटरवर आणला आणि ३५ स्क्वेअर एमएमची लवचीक तांब्याची केबल टाकली. आता तेवढ्याच लोडला व्होल्टेज पडतं ०.०५. पुढे ड्रायव्हरपर्यंत २३० व्होल्टची साधी दीड स्क्वेअरची वायर नेली. १२ व्होल्टची बाजू शक्य तितकी आखूड ठेवा, लांबी हवी असेल तर ती एसीच्या बाजूला घ्या.

केबलइतकंच तिचं टोक महत्त्वाचं. तांब्याचा लग, हायड्रॉलिक क्रिंपिंग टूल, वर हीट श्रिंक. पक्कड आणि हातोडीने दाबलेला लग गाडीच्या हादऱ्यांनी सैल होतो आणि सैल जॉइंट म्हणजे छोटी शेगडीच. पत्र्यातून केबल जाते तिथे रबरी ग्रोमेट हवं, नाहीतर कडेने इन्सुलेशन कापलं जातं.

फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात असावा. तो इन्व्हर्टरला वाचवायला नाही, वायरला वाचवायला आहे. फ्यूज आणि बॅटरीच्या मधली वायर उघडीच राहते, म्हणून ती आखूड. १००० वॅटला १२५ अँपिअरचा योग्य. लिथियम बॅटरी शॉर्ट झाली तर हजारो अँपिअर ओतू शकते, तेव्हा कार ऑडिओच्या दुकानातला स्वस्त फ्यूज वितळूनही आत ठिणगी चालूच राहू शकते. क्लास टी प्रकारचा घ्या, महाग आहे, तरी घ्या.

बॅटरी आणि तिची टक्केवारी

लिथियम बॅटरीच्या आत बीएमएस नावाचं सर्किट असतं. १०० अँपिअरचं बीएमएस असेल तर बॅटरीतून १२८० वॅटपेक्षा जास्त सतत निघणारच नाही. अशा बॅटरीला २००० वॅटचा इंडक्शन जोडून ‘इन्व्हर्टर खराब निघाला’ म्हणणारे बरेच भेटतात. दुसरं, या बॅटरीला शून्य अंशाखाली चार्ज करायचं नसतं, सेल कायमचे खराब होतात. कोकणात हा प्रश्न येत नाही. ऑक्टोबरात स्पितीला निघाला असाल तर बॅटरी गाडीच्या आतल्या भागात ठेवा आणि बीएमएसमध्ये लो टेंपरेचर कटऑफ आहे का ते आधी बघा.

आणि व्होल्टमीटर बघून टक्केवारी ओळखू नका. या रसायनाचं व्होल्टेज मधल्या मोठ्या पट्ट्यात जवळपास सपाट असतं, १३.१-१३.२ च्या आसपास रेंगाळतं आणि शेवटी एकदम कोसळतं. त्यापेक्षा निगेटिव्ह वायरमध्ये शंट बसवा. तो आत-बाहेर जाणारा प्रत्येक अँपिअर मोजतो आणि ब्लूटूथवरून फोनला सांगतो. तुमच्या फोनमधली बॅटरी टक्केवारीसुद्धा मुख्यतः याच मोजणीवर चालते.

चार्जिंगबद्दल थोडक्यात. गाडीच्या अल्टरनेटरला लिथियम बॅटरी थेट जोडू नका, ती इतका करंट ओढते की अल्टरनेटर तापतो. मध्ये डीसी-डीसी चार्जर हवा. ३० अँपिअरचा असेल तर तीन तासांच्या ड्राइव्हमध्ये १०० एएचची बॅटरी जवळजवळ भरते. टपावर २०० वॅटचं पॅनल स्वच्छ उन्हात दिवसाला ६०० वॅट-अवरच्या आसपास देतं. सह्याद्रीत जुलैमध्ये त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. गाडीची स्टार्टिंग बॅटरी मात्र या सगळ्यापासून वेगळीच ठेवा, नाहीतर सकाळी धक्का मारायला माणसं शोधावी लागतील.

इन्व्हर्टर काही न लावताही १०-२० वॅट खातो. चोवीस तास चालू राहिला तर २४० ते ४८०, म्हणजे बॅटरीचा एक तृतीयांश हवेत. फोन, टाइप-सी लॅपटॉप, दिवे, पंखा, फ्रिज हे सगळं थेट १२ व्होल्टवर चालतं. ते तिथेच चालवा आणि इन्व्हर्टरचा रिमोट स्विच गरजेपुरता दाबा.

इथे इलेक्ट्रिशियन बोलवा

२३० व्होल्टची बाजू घरच्यासारखीच जीवघेणी आहे. आणि एक फसवी गोष्ट आहे. गाडीतल्या बऱ्याच इन्व्हर्टरमध्ये न्यूट्रल कुठेच अर्थला जोडलेला नसतो. अशा वेळी नुसती ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी लावली तरी गळतीच्या वेळी ती पडेलच असं नाही, कारण गळालेल्या करंटला परत यायला वाटच नाही. न्यूट्रल चॅसिसला जोडायचा की नाही, हे इन्व्हर्टरच्या मॅन्युअलप्रमाणेच ठरतं. काही मॉडेल तसं केल्यावर जळतात. शिवाय कॅम्पसाइटची वीज आणि इन्व्हर्टरची वीज एकाच सॉकेटला येणार असेल तर मध्ये चेंजओव्हर स्विच पाहिजेच. हे काम जाणकाराकडून करून घ्या, व्हिडिओ बघून नाही.

गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ची मर्यादा आहे, म्हणून काम सुरू करण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी दोघांना विचारा, विमा कंपनीचं उत्तर लेखी घ्या. आणि वर्षातून तीन-चार वीकेंडच पवना किंवा भंडारदऱ्याला जाणार असाल तर यातलं काहीच करू नका. हँडल असलेलं तयार पोर्टेबल पॉवर स्टेशन घ्या, बॅटरी, इन्व्हर्टर आणि संरक्षण एकाच डब्यात येतं.

बसवणारच असाल तर पहिली केटल घराच्या अंगणात लावा. इन्व्हर्टर जोडताना एक मोठी ठिणगी उडते, आतले कपॅसिटर भरत असतात म्हणून. आधी रेझिस्टरमधून ते हळू भरून घेतले की ठिणगी टळते. मग जवळजवळ पूर्ण लोड वीस मिनिटं ठेवा, बॅटरीवर आणि इन्व्हर्टरवर व्होल्टेज मोजा. फरक पाव व्होल्टपेक्षा जास्त आला तर कुठेतरी जॉइंट सैल आहे किंवा केबल बारीक आहे. लोड बंद करा, मेन स्विच पाडा, आणि प्रत्येक लगजवळच्या इन्सुलेशनला बोट लावून बघा. कोमट चालेल. बोट ठेववत नसेल तर त्या गाडीत अजून झोपायचं नाही.