आडनाव अल्कोहोल, स्वभाव स्निग्ध



डिसेंबर लागला की आपल्या माळव्यात ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात आणि घरोघरी क्रीमची बाटली बाहेर निघते. त्या बाटलीवरची बारीक अक्षरे कधी वाचली आहेत का? त्यात बऱ्याचदा 'सेटिल अल्कोहोल' किंवा 'सेटोस्टिअरिल अल्कोहोल' असे नाव सापडते. ते वाचून काही जण दचकतात. अल्कोहोलने त्वचा कोरडी होते, असे त्यांनी ऐकलेले असते. काहींना तर त्यात दारूचा अंश असल्याची शंका येते. ही भीती कितपत खरी आहे?

रसायनशास्त्रात 'अल्कोहोल' हे एका पदार्थाचे नाव नसून एका मोठ्या कुटुंबाचे आडनाव आहे. कार्बनच्या साखळीला हायड्रॉक्सिल गट जोडला की अल्कोहोल तयार होते. फरक पडतो तो साखळीच्या लांबीमुळे. दारूत आणि सॅनिटायझरमध्ये असणाऱ्या इथिल अल्कोहोलात कार्बनचे फक्त २ अणू असतात. ते पातळ असते, भराभर उडून जाते आणि वारंवार लावल्यास त्वचेतील तेलकटपणा कमी करते. सेटिल अल्कोहोलात १६, तर स्टिअरिल अल्कोहोलात १८ कार्बन अणू असतात. हे दोन्ही पदार्थ मेणासारखे पांढरे व घट्ट असतात. सेटिल अल्कोहोल सुमारे ४९ अंश सेल्सिअसला वितळते. ते इथिल अल्कोहोलसारखे उडून जात नाही आणि त्याने नशाही येत नाही. अशा लांब साखळीच्या अल्कोहोलांना 'मेद अल्कोहोल' म्हणतात.

आता त्यांचे काम पाहू. आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. मृत पेशी या विटा आणि त्यांच्यामधील स्निग्ध द्रव्य हा चुना. कोरड्या हवेत व साबणाच्या अतिवापराने हा चुना कमी होतो, फटी पडतात आणि आतले पाणी उडून जाते. मेद अल्कोहोल या फटींवर पातळ थर धरते. त्यामुळे त्वचा मऊ होते आणि पाणी टिकायला मदत होते. कोकणात भेगांना कोकमाचे तेल लावतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे. शिवाय क्रीममधील तेल व पाणी वेगळे होऊ न देण्यास आणि क्रीमला दाटपणा आणण्यासही मेद अल्कोहोल उपयोगी पडते.

१८१७ साली फ्रेंच शास्त्रज्ञ मिशेल शेव्ह्रल यांनी देवमाशाच्या डोक्यातील मेणापासून सेटिल अल्कोहोल मिळवले. देवमाशाच्या लॅटिन नावावरूनच त्याला 'सेटिल' म्हणतात. आज ते मुख्यतः पाम तेलासारख्या वनस्पती तेलांपासून किंवा खनिज तेलापासून बनवतात.

तेव्हा बाटलीवर नुसते आडनाव न वाचता पूर्ण नाव वाचा. 'सेटिल', 'स्टिअरिल', 'सेटोस्टिअरिल' असेल तर घाबरू नका. 'इथेनॉल' किंवा 'अल्कोहोल डिनॅट' यादीत वरच्या बाजूला असेल, तर कोरड्या त्वचेसाठी ते क्रीम टाळलेले बरे. मात्र थोड्या लोकांना मेद अल्कोहोलचीही अॅलर्जी असते. म्हणून नवे क्रीम आधी हाताच्या आतल्या बाजूला थोडेसे लावून काही दिवस पाहावे. खाज सुटली किंवा त्वचा लाल झाली तर वापर थांबवून डॉक्टरांना दाखवावे. आणि क्रीम लावायचे ते अंघोळीनंतर, अंग किंचित ओलसर असतानाच!