कान अचानक बंद पडला तर वाट पाहू नका



आरोग्य शिबिरांत एक गोष्ट आम्हाला पुन्हा पुन्हा दिसते. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झालेला माणूस आमच्याकडे येतो, तेव्हा दोन-तीन महिने उलटलेले असतात. दरम्यान कानात कोमट तेल घातलेले असते, मळ काढून झालेला असतो, "सर्दीने दडे बसले असतील" म्हणून थांबणेही झालेले असते. ज्या दिवसांत उपचाराचा उपयोग झाला असता, ते दिवस निघून गेलेले असतात.

तीन दिवसांच्या आत, बहुधा एकाच कानाची, ऐकण्याची शक्ती एकदम घटली तर त्याला अचानक आलेला बहिरेपणा म्हणतात. सोबत कानात सूं-सूं आवाज येतो, कधी गरगरते. बहुतेक रुग्णांत नेमके कारण सापडत नाही. आतल्या कानातील नाजूक पेशींना प्राणवायू फार लागतो आणि तो पोहोचवणारी रक्तवाहिनी एकच, बारीक असते. तिला पर्यायी वाट नाही.

मळ आहे की नस बिघडली, याचा अंदाज घरी घेता येतो. ओठ मिटून गुणगुणा. आवाज बंद कानात मोठा वाटला तर मळ किंवा सर्दीचा अडथळा असू शकतो. चांगल्या कानात मोठा वाटला तर आतला कान बिघडल्याची शंका घ्या. पण हा फक्त अंदाज आहे. खरे निदान ऑडिओमेट्री तपासणीनेच होते. जिल्हा रुग्णालयाच्या किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या कान-नाक-घसा विभागात त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी जा. तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, हात-पाय लुळे पडणे यांपैकी काही सोबत असेल तर तो पक्षाघात असू शकतो. थेट तातडीच्या विभागात न्या.

मुख्य औषध स्टेरॉइड. ते पहिल्या दोन आठवड्यांत सुरू व्हावे. मधुमेह असेल तर आधी सांगा, कारण त्याने साखर वाढते. अशा रुग्णाला कानाच्या पडद्यातून इंजेक्शन देण्याचाही मार्ग आहे.

आता अनेक जण विचारतात त्या हायपरबेरिक ऑक्सिजनविषयी. खोल समुद्रात उतरणाऱ्या पाणबुड्यांच्या आजारासाठी वापरली जाणारी ही पद्धत. रुग्णाला बंद कक्षात बसवून हवेचा दाब नेहमीच्या दोन ते अडीच पट करतात आणि शुद्ध प्राणवायू देतात. त्यामुळे तो रक्ताच्या पाण्यातही विरघळतो आणि आतल्या कानापर्यंत जास्त पोहोचतो. एक बैठक साधारण दीड तासाची. अशा दहा ते वीस बैठका होतात.

अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत हा उपचार स्टेरॉइडच्या जोडीने, पहिल्या दोन आठवड्यांत देता येईल असे म्हटले आहे. स्टेरॉइडने गुण आला नाही तर महिन्याच्या आत जोडीने देऊन पाहता येतो. म्हणजे तो स्टेरॉइडला पर्याय नाही, आणि प्रत्येकाला गुण येईलच असेही नाही.

कानातला जुना आवाज किंवा वर्षानुवर्षांचा बहिरेपणा यावर मात्र त्याचा उपयोग होतो असा पुरावा नाही. त्यासाठी कोणी महागडे 'पॅकेज' सांगत असेल तर दागिने गहाण ठेवू नका, कर्ज काढू नका. तेच पैसे चांगल्या श्रवणयंत्राला लावा; त्याने आवाजाचा त्रासही बऱ्याच जणांना कमी जाणवतो.

कक्षात जाण्यापूर्वी दमा, फुप्फुसाचा आजार, फिट, कानाची शस्त्रक्रिया, गर्भारपण हे सगळे सांगा. फुप्फुसाभोवती हवा साठली असेल तर हा उपचार अजिबात चालत नाही. दाबाने कान दुखू शकतो, पडद्याला इजाही होऊ शकते, दुखताच सांगा. आत मोबाइल, काडेपेटी, डोक्याला लावलेले तेल चालत नाही, कारण भरपूर प्राणवायूत आग झपाट्याने भडकते.

कक्ष जवळ नाही, परवडत नाही, म्हणून खचू नका. स्टेरॉइडच्या गोळ्या स्वस्त आहेत आणि काहींचे ऐकणे आपोआपही परत येते. पण आपल्याला कोणते नशीब लाभेल हे आधी कळत नाही. म्हणून आपल्या वस्तीत कोणी "कान एकदम बंद झाला" म्हणाले, तर तेलाची वाटी बाजूला ठेवा आणि त्यांना दवाखान्यात घेऊन जा.