कुकडीच्या पात्रातले रांजण

अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा, १७ हजार चौरस किलोमीटरांहून अधिक. पण समुद्रकिनारा त्याच्या वाट्याला हातभरही आलेला नाही. तरी खडकात कोरलेली पाण्याची कुंडं पाहायची हौस असेल, तर कोकणाआधी पारनेर तालुक्यातल्या निघोजला जावं. इथे कुकडी नदीचं पात्र एकाएकी आवळतं आणि काळ्या बसाल्टात घळ पडते. अलीकडे निघोज, पलीकडे पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्याचं टाकळी हाजी, मालकी सामाईक. काठावर मळगंगा देवीचं ठाणं आहे. भूगोलाच्या पुस्तकातले रांजणखळगे ते हेच. आसपासचे लोक नुसतं ‘कुंड’ म्हणतात.

खडक सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तो थिजताना वायूचे बुडबुडे आतच अडकले. त्या पोकळ्यांत पुढे झिओलाइट, कॅल्साइट अशी खनिजं भरली. ती भोवतालच्या बसाल्टापेक्षा मऊ, त्यामुळे झीज आधी त्यांची होते. शिवाय लाव्हा आकसताना पडलेल्या भेगा आहेतच. अशा एखाद्या वाटीएवढ्या खाचेवर पुराचं पाणी भोवरा धरतं. मात्र नुसत्या पाण्याने बसाल्ट फारसा कापला जात नाही. कापतात ते पुराबरोबर आलेले गोटे आणि वाळू. खाचेत सापडलेल्या गोट्याला भोवरा बाहेर पडू देत नाही, गरगर फिरवत राहतो आणि भोक गिरमिटाने पाडावं तसं खाली खाली जातं. गोटा झिजून संपला की पुढच्या पुरात दुसरा येतो. पाणी तळाशी कडेकडेनेही घासत असल्यामुळे पुष्कळ खळगे तोंडाला अरुंद आणि पोटात फुगीर होतात. शेजारच्या दोन खळग्यांमधली भिंत पातळ होत जाऊन एक दिवस फुटते आणि दोघांचा एक होतो. निघोजची घळ अशीच खळग्याला खळगा मिळून वाढली आहे. म्हणून तिथे कुठे अखंड रांजण दिसतो, कुठे उभा चिरलेला अर्धा, तर कुठे खडकाची नुसती कमान उरलेली.

या जागेला ‘आशियातले सर्वांत मोठे’ वगैरे बिरुदं लावण्याची फार हौस दिसते. त्यांच्यावाचून काही अडत नाही. पाणी ओसरल्यावर एखाद्या उथळ खळग्याशी उकिडवं बसून पाहावं. तळाशी चार-दोन गोटे असतात, एकालाही धार म्हणून उरलेली नसते. भिंतीवरून तळवा फिरवला तर गोल फिरलेल्या पाण्याच्या आडव्या वळ्या हाताला लागतात. मध्येच झिओलाइटचे पांढरे ठिपके येतात, तेही बसाल्टाच्या पातळीत सपाट घासलेले. कारागिराने हत्यारं जागेवरच ठेवली आहेत, असं फार थोड्या भूरूपांबाबत म्हणता येतं. स्वित्झर्लंडमध्ये लुझर्नला १८७२ साली जमिनीखाली असेच खळगे सापडले; त्यांतला सर्वांत खोल साडेनऊ मीटरचा. तिथे काम केलं हिमनदीखालून जोराने वाहणाऱ्या पाण्याने, पण पद्धत हीच.

याच लाव्हाचे थर पश्चिमेला अरबी समुद्राशी भिडतात, तिथली तऱ्हा वेगळी. रायगड जिल्ह्यात हरिहरेश्वरची प्रदक्षिणा करणाऱ्यांनी ती पाहिलेली असते. लाटांनी कापलेला सपाट खडक, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी छिद्रं पडलेल्या भिंती आणि खाचाखळग्यांत साठलेलं समुद्राचं पाणी. ती जाळी मुख्यतः मिठाची करणी. खडकात मुरलेलं खारं पाणी सुकतं, मिठाचे स्फटिक वाढतात आणि दगडाचे कण सुटे होतात. निघोजचं काम पुरापुरतं चालतं, इथलं रोज. भरती-ओहोटी दिवसातून दोनदा येते आणि दर दिवशी सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते. अष्टमीला सहा, म्हणजे पूर्ण ओहोटी बाराच्या सुमारास. पण अष्टमीला भांगाची भरती-ओहोटी, पाणी फार मागे जात नाही. खडकातली डबकी नीट उघडी पडतात ती अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला, सकाळ-संध्याकाळ. प्रदक्षिणेची वाटही ओहोटीतच चालायची. लाटेने माणसं ओढून नेल्याच्या घटना तिथे घडलेल्या आहेत.

या डबक्यांत राहणं सोपं नाही. उन्हात पाणी तापतं, खारटपणा वाढतो. पावसाची एक सर आली की तेच पाणी जवळपास गोडं होतं. तरी कालवं, शंख, खेकडे, समुद्रफुलं आणि बोटभर मासे तिथे टिकून असतात. कंबरभर पाण्याच्या डबक्यात मास्क लावून पालथं पडलं तर हे सगळं हातभर अंतरावर दिसतं. पायात रबरी तळव्याचे बूट मात्र हवेत, कालवांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात. खऱ्या स्नॉर्केलिंगसाठी मालवण गाठावं. तिथलं सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झालं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातल्या खडकांवर प्रवाळही आहे, आणि पावसाळ्याचा गढूळपणा बसल्यावर, हिवाळ्यात, पाणी त्यातल्या त्यात नितळ असतं.

निघोजच्या कुंडात मास्क लावून उतरण्याचा विचारही करू नये. पाणी गढूळ, तळ दिसत नाही, आणि पोटात फुगलेल्या गुळगुळीत भिंतीला हात धरायला काही सापडत नाही. पोहता येणाऱ्यालाही वर येणं अवघड. पुढची गोष्ट धरणांची. वरच्या अंगाला कुकडीवर माणिकडोह आणि येडगाव ही धरणं आहेत. त्यांनी पूर आवरला, पुराबरोबर येणारे गोटेही अडवले. तेव्हा खळगे कोरण्याचा वेग आता पूर्वीचा राहिला नसणार. ज्या पाण्याने दगड कोरायचा, ते कालव्याच्या आवर्तनातून पारनेर-श्रीगोंद्याच्या शेतांना जातं, याबद्दल इथल्या शेतकऱ्याची तक्रार असेल तर ती पाणी कमी पडतं एवढीच. पाहायला जायचं ते पावसाळा सरल्यावर. धरणातून विसर्ग सुरू आहे का ते गावात विचारून मगच पात्रात पाऊल टाकावं. वर आभाळ निरभ्र असलं तरी पाणी चढू शकतं.