कुत्र्याचा खरारा

महाभारताच्या आरंभी जनमेजयाचे बंधू सरमेच्या निरपराध पिलास मारतात आणि सरमा जनमेजयास शाप देते. अखेरीस धर्मराज मागून आलेल्या कुत्र्यास टाकून स्वर्गात जाण्याचे नाकारतो. या कथा आपण घरोघर आदराने सांगतो. परंतु आपल्याच ओसरीवरील कुत्र्याच्या कानामागे गुंते झाले आहेत की काय, हे पाहणारे किती निघतील, याची आम्हांस शंका वाटते.

घोड्यास खरारा करण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. खराऱ्याने घोडा तुकतुकीत दिसतो हे खरेच. पण त्या निमित्ताने त्याचे सर्वांग मोतद्दाराच्या हाताखालून जाते आणि कोठे जखम, कोठे सूज, हे त्यास तत्काळ कळते. कुत्र्याचे केस विंचरण्याचे मुख्य प्रयोजनही हेच होय. मुक्या प्राण्यास आपले दुखणे सांगता येत नाही. ते केसांखाली शोधावे लागते.

पॉमेरेनियन, जर्मन शेफर्ड इत्यादी जातींच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचा राठ, आतला लोकरीसारखा मऊ. ऋतू पालटताना आतला थर विशेष झडतो. तो विंचरून काढला नाही, तर वरच्या केसांत अडकून त्याच्या जटा बनतात. त्यांखाली ओल व मळ साचून त्वचा लाल होते व चिघळते. उन्हाळ्यात कुत्र्यास उकडते, या समजुतीने कित्येकजण अशा कुत्र्याचे सगळे केस मुळापासून कापवितात. हेतू दयेचा असला तरी परिणाम उलटा होतो. कुत्रा मुख्यत्वेकरून धापा टाकून अंगातील उष्णता बाहेर टाकतो. केसांचा थर त्यास उन्हापासून वाचवितो, आणि एकदा कापलेले केस पुष्कळदा पूर्ववत येत नाहीत.

लांब केसांच्या कुत्र्यास रोज, आणि गावठी किंवा कारवानी अशा आखूड केसांच्या कुत्र्यास आठवड्यातून एकदोन वेळा विंचरणे पुरे. पहिल्यास लांब दातांचा कंगवा, दुसऱ्यास रबरी दातांचा ब्रश घ्यावा. केसांच्या वळणाने, हलक्या हाताने विंचरावे. गुंता आढळल्यास मुळाशी केस चिमटीत धरून टोकाकडून थोडा थोडा सोडवावा, म्हणजे कातडीस ताण बसत नाही. कानामागे, काखेत, जांघेत व शेपटीखाली गुंते अधिक होतात. कुत्रा गुरगुरू लागल्यास थांबावे. तेथे दुखत असण्याचा संभव असतो.

याच वेळी गोचीड शोधावी. कानांच्या आत, मानेवर व बोटांच्या बेचक्यांत ती दडून बसते. तिच्यापासून कुत्र्यास जीवघेणा ज्वर येऊ शकतो. चिमट्याने तिला कातडीलगत धरून सरळ ओढावे व स्पिरिटात टाकावे. बोटांनी चिरडू नये. रॉकेल किंवा शेतावर फवारण्याचे औषध अंगास चोळणे तर सर्वस्वी वर्ज्य समजावे, कारण कुत्रा अंग चाटतो आणि विष पोटात जाते. गोचीड निघाल्यानंतरच्या दिवसांत कुत्रा अन्न टाकू लागला, मलूल झाला किंवा त्याच्या नाकातून रक्त आले, तर घरगुती उपाय न करता पशुवैद्याकडे न्यावे. मुंबईस पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ साली निघाले. इतक्या वर्षांनंतरही लूत भरलेल्या कुत्र्यास ऐकीव लेप लावीत बसणे सुशिक्षितांस शोभत नाही.

स्नान महिन्यातून एकदा बहुधा पुरते. मात्र त्यापूर्वी अवश्य विंचरावे, कारण भिजलेला गुंता अधिकच आवळतो. माणसाचा साबण कुत्र्याच्या त्वचेस मानवत नाही. कुत्र्यांकरिता निराळा मिळतो. पावसाळ्यात फिरून आल्यावर पाय व पोट कोरडे पुसावे.

आता एक गृहव्यवस्थेची गोष्ट. कुत्रे मुलांच्या हट्टाने घरी येते, त्याचे केस माजघरात, क्वचित देवघरातही सापडतात, आजीबाई रागावतात आणि अखेर सारे काम सुनेच्या गळ्यात पडते. मग कंटाळून त्या जनावरास बाहेर बांधले जाते किंवा कोणास देऊन टाकले जाते. अंगणात किंवा गच्चीवर बसवून नियमाने विंचरल्यास निम्मा तंटा मिटतो. हे काम ज्याने हट्ट धरला त्याच्याकडेच नेमून द्यावे. मूल लहान असल्यास वडीलधाऱ्यांपैकी कोणी शेजारी बसावे. सर्वांचे म्हणून आणलेले कुत्रे पुष्कळदा कोणाचेच राहत नाही. ज्याच्या हाती कंगवा असतो, त्याला मात्र त्याच्या अंगावरची प्रत्येक गाठ ठाऊक असते, आणि नवी गाठ उठली की ती प्रथम त्याच्याच बोटांस लागते.