सुविधा कोणाची, शुल्क कोणाचे?

मुंबईच्या एका नाट्यसंस्थेचा प्रयोग हैदराबादेत होणार अशी वार्ता गेल्या हिवाळ्यात आली, तेव्हा काचीगुड्याच्या आमच्या एका वयोवृद्ध स्नेह्यांनी नातवाकरवी दोन तिकिटे काढविण्याचे ठरविले. फोनच्या पडद्यावर तिकिटांची किंमत उमटली आणि तिच्याखाली, बारीक अक्षरांत, सुविधा शुल्काचे आणखी काही रुपये. स्नेही बिथरले. "खुर्ची मी निवडली, नाव मी भरले, पैसे मी पाठविले. मग मास्तर, सुविधा झाली ती कोणाची?" तिकीट खिडकीवरच घेईन, असे जाहीर करून त्यांनी तो विषय आपल्यापुरता मिटविला. आमच्या डोक्यातून मात्र तो जाईना.

नांदेड-परभणीकडे, पुण्या-मुंबईकडे वरचेवर जाणाऱ्या आपल्या घरांना हे शुल्क रेल्वेमुळे चांगलेच परिचित आहे. घरबसल्या आरक्षण करण्याची सोय आयआरसीटीसी या रेल्वेच्याच कंपनीने ऑगस्ट २००२ मध्ये सुरू केली. त्या काळी तिकीट छापून कुरिअरने घरपोच येई. जादा आकारणीला निदान कागदाचा, पाकिटाचा आणि कोणाच्या तरी पायपिटीचा आधार होता. पुढे कागद गेला, पाकीट गेले, आकार राहिला. नोटाबंदीनंतर, नोव्हेंबर २०१६ मध्ये, तो माफ करण्यात आला आणि १ सप्टेंबर २०१९ पासून पुन्हा बसला : वातानुकूलित वर्गाला ३० रुपये, इतर वर्गांना १५, यूपीआयने पैसे दिल्यास अनुक्रमे २० व १०, आणि वर १८ टक्के कर. आकार तिकिटामागे आहे, माणसामागे नव्हे, हे न्यायाने सांगितले पाहिजे. चौघांचे कुटुंब एकाच तिकिटावर शयनयानाने निघाले तरी बोजा १७ रुपये ७० पैशांचाच. आरक्षणाच्या खिडकीवर हे शुल्क नाही.

रकमेकडे पाहिले तर तक्रार करणे शोभत नाही. खिडकीपर्यंतच्या रिक्षालाच याच्या कितीतरी पट पैसे पडतात, रांगेत अर्धा दिवस जातो तो निराळा. आम्ही स्वतः तिकिटे घरूनच काढतो. परंतु प्रश्न रकमेचा नसून न्यायाचा आहे. खिडकीमागचा कारकून, त्याची खोली, दिवा, पंखा यांचा खर्च उत्पन्नातूनच, म्हणजे बव्हंशी आपण भरलेल्या भाड्यातूनच निघावयाचा. घरी बसलेला प्रवासी भाडे तेवढेच देतो, कारकुनाचे काम स्वतः करतो, आणि ते केल्याबद्दल वर पैसे मोजतो! प्रतीक्षायादीतले त्याचे तिकीट निश्चित झाले नाही तर ते आपोआप रद्द होते. भाडे काही वजावटीने परत येते, सुविधा शुल्क येत नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये रेल्वेने या शुल्काचा निम्मा वाटा आपल्या कंपनीकडे मागितला. दुसऱ्याच दिवशी कंपनीचे शेअर कोसळले आणि रेल्वेला निर्णय तत्काळ मागे घ्यावा लागला. ज्या शुल्काच्या वाटणीवरून शेअरबाजार हादरतो, ते केवळ संगणकाच्या देखभालीपुरते असेल, असे मानणे आम्हांस कठीण जाते.

याहून सरळ रीत आपल्याच शहराने पाहिली आहे. डिसेंबर १९९९ मध्ये हैदराबाद-सिकंदराबाद या जुळ्या शहरांत 'ट्विन्स' नावाचा एक प्रयोग झाला आणि ऑगस्ट २००१ मध्ये त्यातूनच 'ई-सेवा' केंद्रे निघाली. विजेचे बिल एका कचेरीत, पाण्याचे दुसरीत, घरपट्टी तिसरीत, ही वणवण ज्यांनी केली आहे त्यांना त्या केंद्रांत प्रथम गेल्याचा दिवस आठवत असेल. कोणतेही बिल कोणत्याही खिडकीवर भरावे! बिल भरणाऱ्याकडून त्यासाठी वेगळी दिडकीही घेतली जात नसे. केंद्र चालविणाऱ्याचा मोबदला संबंधित खाती देत, कारण गर्दी त्यांच्या दारची हटली होती, श्रम त्यांचे वाचले होते. २०११ मध्ये 'मी सेवा' आली. (तेलुगूतला हा 'मी' म्हणजे 'आपली', मराठी डोळ्याला पाटी वाचून वाटते की सेवा आपणच करावयाची आहे.) तिथे दाखल्यासाठी अर्ज करणाऱ्यालाच सेवेचा आकार भरावा लागतो. ज्याचे श्रम वाचले त्याने मोल द्यावे, हा हिशेब दहा वर्षांत असा उलटा फिरला.

आणि ज्यांना फोन चालविता येत नाही त्यांचे काय? सुलतान बाजारातल्या आमच्या परिचयाच्या एक आजी गल्लीतल्या दुकानदाराकडून सगळी कामे करून घेतात. दुकानदार आपली मजुरी घेतो, ती वावगी नाही. पण पडद्यावरचे सुविधा शुल्कही आजींच्याच बटव्यातून जाते. खिडक्या कमी होत गेल्या तर रांगेचा पर्यायही त्यांना राहणार नाही.

स्नेह्यांचे सांगावयाचे राहिले. प्रयोगाच्या दिवशी ते दोन तास आधी सभागृहावर पोहोचले. पुढच्या रांगा घरबसल्या भरून गेल्या होत्या. खिडकीवर शेवटची रांग उरली होती. तीच तिकिटे घेऊन ते पत्नीसह बसले. आम्ही पाचव्या रांगेत होतो, शुल्क भरून. मध्यंतरात चहाच्या गाडीपाशी गाठ पडली तेव्हा त्यांनी पहिल्या अंकात नेमके काय झाले ते आम्हांला विचारले, कारण मागे संवाद नीट ऐकू येत नव्हते.