घरचे दप्तर आणि त्याच्या अनेक पेट्या



पूर्वी घरातील खरेदीखते, जन्मपत्रिका आणि वडीलधाऱ्यांची पत्रे एका ट्रंकेत असत. ती ट्रंक उपसली की काम भागे. आज हेच दप्तर मोबाईल, लॅपटॉप, पेनड्राइव्ह आणि क्लाउड, म्हणजे परक्या कंपनीच्या संगणकावरील जागा, यांत विखुरले आहे. ते सांभाळावयाचे कसे, हा आजचा प्रश्न आहे.

सर्व यंत्रांवर एकच फाइल दिसावी म्हणून जी सोय असते, तिला सिंक म्हणतात. पुष्कळांना वाटते की, चार ठिकाणी दिसते म्हणजे चार प्रती झाल्या. हा भ्रम घातक आहे. सिंक एका ठिकाणचा बदल इतरत्र इमानाने पोचविते. आणि खोडणे हाही बदलच होय! मोबाईलमध्ये जागा हवी म्हणून गूगल फोटोजमधून छायाचित्र सरसकट काढले, तर ते क्लाउडवरूनही जाते. क्लाउडवर चढलेले छायाचित्र कचरापेटीत ६० दिवस राहते. गूगल ड्राइव्हची मुदत तर ३० दिवसांचीच. मुदत टळली की नातवाचे बारसे गेले ते गेलेच.

ह्यावर उपाय तीन. पहिला, प्रत्येक प्रकारच्या कागदाचे मूळ ठिकाण एकच ठरवावे. पेशवे दप्तरातील कागद रुमालांत बांधलेले असत. तसेच घर, आरोग्य, कर, छायाचित्रे असे आपले मोजके रुमाल करावेत.

दुसरा, फाइलीच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस घालावा, उदाहरणार्थ, २०२४-०३-१५-घरपट्टी. १९८८ सालच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणाचा क्रमही हाच आहे. संगणक नावे डावीकडून लावीत जातो, म्हणून कागद आपोआप कालक्रमाने लागतात. दिवस आधी लिहिला, तर सगळ्या महिन्यांच्या पहिल्या तारखा एकत्र येऊन गोंधळ होतो.

तिसरा उपाय सर्वांत महत्त्वाचा. महिन्यातून एकदा सर्व दप्तराची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि डिस्क सोडवून ठेवावी. जोडलेली नसलेली डिस्क चुकीच्या बोटाला सापडत नाही, विषाणूलाही सापडत नाही. आणखी एक प्रत दुसऱ्या गावी मुलीकडे किंवा भावाकडे असली, तर आग-पुराचेही भय उरत नाही.

शेवटी एक सूचना. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्यास गूगलने डिसेंबर २०२३ पासून सुरुवात केली आहे. तेव्हा आपल्यामागे हे दप्तर कोणी व कसे उघडावयाचे, हे घरातील एका माणसास आजच सांगून ठेवावे. ट्रंकेची किल्ली कोठे आहे, हे पूर्वीही कोणालातरी ठाऊक असेच.