चित्राच्या कडा
(लेखांक ७)

भामरागडच्या पूर्वेला अबुझमाडचे डोंगर सुरू होतात. त्या डोंगरांपलीकडे, नारायणपूरजवळच्या गढबेंगालमध्ये, आर्ने सुक्सडॉर्फ या स्वीडिश दिग्दर्शकाने चेंदरू नावाच्या मुरिया मुलाला घेऊन एक जंगलपट केला. १९५७ साली तो पडद्यावर आला. संगीत पंडित रविशंकरांचं. गडचिरोलीच्या इतक्या जवळ झालेला हा चित्रपट ‘अगास्कोप’ पद्धतीचा आहे, म्हणजे आपल्याकडे ज्याला नुसतं ‘स्कोप’ म्हणतात त्या जातीचा.

स्कोपमध्ये कॅमेऱ्याची लेन्स रुंद दृश्य आडवं आवळून ३५ एमएमच्या फिल्मवर बसवते आणि थिएटरातली लेन्स ते पुन्हा पसरवते. पडद्यावरची रुंदी उंचीच्या सुमारे २.३५ पट होते. जुन्या टीव्हीची रुंदी मात्र उंचीच्या १.३३ पटच. स्कोपचं चित्र वरपासून खालपर्यंत भरून अशा टीव्हीवर दाखवलं, तर रुंदीचा जेमतेम ५७ टक्के भाग उरतो. एका कडेला मुलगा आणि दुसऱ्या कडेला जनावर असेल, तर दोघांपैकी एकच दिसणार. मग व्हिडिओची प्रत बनवणारा चौकट इकडून तिकडे सरकवतो आणि दिग्दर्शकाने कधीच न फिरवलेला कॅमेरा फिरल्यासारखा वाटतो. रानावरच्या चित्रपटाचं यात सर्वाधिक नुकसान होतं, कारण माणसाभोवतीचं रान हाच तिथे विषय असतो.

‘शोले’ची गोष्ट नेमकी उलटी आहे. तो ७० एमएमचा म्हणून गाजला, पण छायाचित्रण झालं साध्या ३५ एमएमवर. छायाचित्रकार द्वारका दिवेचांच्या कॅमेऱ्यात, ज्या काचेतून दृश्य पाहतात तिच्यावर वर आणि खाली एकेक रेघ आखलेली होती. त्या दोन रेघांमधलं चित्र मोठं करून २.२० पट रुंदीची ७० एमएम प्रिंट तयार झाली. रेघांबाहेरचं चित्रही फिल्मवर उमटलेलं होतंच. म्हणून ‘शोले’ची चौकोनी प्रत पाहिली की वर जास्त आभाळ, खाली जास्त जमीन दिसते आणि पाहणारा म्हणतो, हीच खरी, पूर्ण प्रत. मला ते पटत नाही. जे दाखवायचं नाही असं छायाचित्रकाराने ठरवलं होतं, ते दिसल्याने चित्र पूर्ण होत नाही, सैल होतं. जून २०२५ मध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या महोत्सवात दाखवलेली पुनरुज्जीवित प्रत २.२० चीच चौकट पाळते, ते योग्यच झालं.

आता टीव्हीच रुंद झाले आणि कात्री जुन्या चौकोनी चित्रपटांवर आली. ‘संत तुकाराम’ (१९३६) किंवा ‘श्यामची आई’ (१९५३) आजच्या पडद्यावर कडेच्या काळ्या पट्ट्या टाळून दाखवायचे म्हटले, तर उंचीचा जवळजवळ पाव भाग जातो. तुकोबांचं वैकुंठगमन वरची कड कापून पाहण्यात काय अर्थ आहे? काही जण कापण्याऐवजी ताणतात. तेव्हा चाक किंवा परात गोल दिसते का ते पाहा, लगेच कळेल.

एकाच चित्रपटाच्या दोन प्रतींची तुलना करताना काळ्या पट्ट्या मोजू नका. दोन्ही प्रतींत एकच दृश्य थांबवा आणि चारही कडांना काय आहे ते लिहून काढा. कडेची वस्तू नुसती हरवली आहे की तिच्याबरोबर पात्रांमधला संबंधही तुटला आहे, हे त्या यादीवरून समजतं.

पण तुलनेला मूळ फिल्म उरायला हवी. ‘शोले’ची मूळ निगेटिव्ह इतकी खराब झाली होती की ती वापरता आली नाही. फिल्म सडू लागली की तिला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. चंद्रपूर-गडचिरोलीत कुणाच्या माळ्यावर तंबूतल्या सिनेमाच्या काळची रिळं पडून असतील, तर डबा उघडून वास घ्या. आंबट वासाची रिळं बाकीच्यांपासून वेगळी, थंड आणि कोरड्या जागी ठेवा, मशीनवर चढवू नका आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा.